शुद्धीकरण कोणते खरे?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तळे बाटले म्हणून सनातन्यांनी त्यात शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतल्या आणि याला नाव दिले शुद्धीकरण! तळ्यावरील आपला हक्क मुंबई हायकोर्टात १९३७ साली शाबीत झाला. पाण्याच्या खऱ्या शुद्धीकरणाचा प्रश्न मात्र आजही आपल्या वस्तीच्या नळावर उभा आहे.

धरणाच्या पाण्यात तुरटी घालून गाळ बसवतात, मग ते वाळूच्या थरांतून गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. नुसती पावडर टाकून भागत नाही. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होते आणि जंतू वाचतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडील नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसची साथ आली. धडधाकट माणसांच्या हातापायांतले बळ गेले, काही व्हेंटिलेटरवर गेले. महापालिकेत नव्याने घेतलेल्या या गावांना गाळण्याच्या केंद्राविना, विहिरीतले क्लोरीन टाकलेले पाणी पुरवले जात होते. मग पाणीपट्टी कशाची घेतात?

आपली घरे बहुधा पाइपाच्या शेवटच्या टोकाला. पाइप गटारातून गेलेला, पाणी तासभरच. पाणी बंद झाले की रिकामा पाइप फुटक्या जोडातून गटाराचे पाणी ओढतो. टाकीवर दिलेले क्लोरीन येथवर टिकले पाहिजे, लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम. ओ.टी. टेस्टचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. (तपासलेले पाणी पिऊ नये, ओतून द्यावे.) टाकीखालच्या नळावर तपासून अहवाल लिहिणे सोपे असते, आम्हाला शेवटच्या घरचा रंग पाहायचा आहे.

खेड्यात टीसीएल पावडरचा डबा पाहावा. ताज्या पावडरीत सुमारे एक तृतीयांश क्लोरीन असते. तोंड उघडे राहिले की ते उडून जाते आणि विहिरीत पडतो नुसता चुना.

पौर्णिमेला विहारात जमणाऱ्या महिला मंडळांनी आरोग्यसेवकाला बोलावून शेवटच्या नळाची तपासणी करून घ्यावी. तारीख, वेळ, रंग वहीत लिहावे. रंग आला नाही तर त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसात किंवा ग्रामपंचायतीत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. पुरवठा सुधारेपर्यंत पाणी खळखळून उकळूनच प्यावे, लेकराबाळांना तर नक्कीच.