आठच्या पाळीचे सायकलवाले

सकाळचे साडेसात. वसई पूर्वेला गोलाणी नाक्याकडून वालीवकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाऊस नुकताच थांबलाय. हँडलला डबा अडकवलेला, कॅरिअरवर दुसरा माणूस बसवलेला, अशा सायकली एकामागून एक चालल्यात. घंटी बहुतेकांची केव्हाच गेलीय, म्हणून तोंडानेच ‘बाजू, बाजू’ चाललंय. सातिवली-वालीवच्या गाळ्यांत आठची पाळी लागते. मागून डंपर हॉर्न मारतो, सगळे कडेच्या चिखलात उतरतात. डंपर गेला की पुन्हा डांबरावर.

पंक्चरवाल्या चाचांची टपरी आत्ता तेजीत आहे. एकाची ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून ते बुडबुडे शोधतायत. जागा सापडते. ट्यूब पुसून घासतात, सोल्युशन लावतात, त्यावर फुंकर मारतात आणि घाई करणाऱ्याला डोळ्यांनीच गप्प बसवतात. सोल्युशन सुकल्याशिवाय पॅच बसत नाही.

तेवढ्यात वज्रेश्वरीहून परतणारे हेल्मेटवाले तिघे हवा बघायला थांबतात. त्यांच्या एकेका सायकलच्या किमतीत इथल्या वीस सायकली याव्यात. त्यातला एक वसईचाच, नोकरी वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत. त्याच्या पाठपिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक निवेदन आहे, एमएमआरडीएच्या, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या नावाने. बीकेसीतले सायकल ट्रॅक काढून तिथे गाड्यांसाठी जादा मार्गिका करायचं प्राधिकरणाने २०२५ मध्ये ठरवलं, खर्च सुमारे २५ कोटी. मुंबईतल्या सायकलवाल्यांनी विरोध केला, हाही त्यांच्यातलाच.

“ट्रॅक वापरात नाही म्हणतात,” तो सांगतो. “वापरणार कसा? त्यावर गाड्या उभ्या. आणि ट्रॅक बीकेसीतच फिरतो. लोकलमधून उतरलेला माणूस स्टेशनवरून तिथवर पोचणार कसा?”

मला त्याचं पटतं. निम्मी नदी ओलांडणारा पूल बांधायचा आणि मग त्यावरून कोणी जात नाही म्हणून तो पाडायचा, असला हा हिशेब. २०१९ मध्ये बीकेसीत युलूच्या भाड्याच्या ई-बाइक आल्या तेव्हा स्टेशन ते ऑफिस हा शेवटचा टप्पा सुटेल म्हणून केवढं कौतुक झालं होतं! आता वाहतूक कोंडीचं औषध म्हणून सायकलचीच जागा हवी आहे. कोंडी खोटी नाही, बीकेसीत संध्याकाळी रिक्षात अडकलेल्याला विचारा. पण जादा मार्गिका भरायला किती दिवस लागतात, तेही त्याच रिक्षावाल्याला विचारावं.

पंक्चर काढून घेणारा पोरगा हे सगळं ऐकतोय. शेवटी विचारतो, “वहाँ साइकिल का अलग रास्ता है?”

“है. निकाल रहे हैं.”

“और यहाँ?”

हेल्मेटवाला निवेदनाचं दुसरं पान उलटतो. तिथे मागणी आहे वसई-विरारची: नव्या रस्त्यांच्या आराखड्यात सायकलची वेगळी पट्टी आधीच आखा. पहिल्या पानावर भरपूर सह्या, दुसऱ्यावर मोजून सहा. साहजिक आहे, सह्या रविवारच्या ग्रुपमध्ये फिरल्या, आठच्या पाळीत नाही.

“साइन करोगे?”

पोरगा मागे सरतो. कंपनीत कळलं तर? पत्त्यावर काय लिहू, खोली तर दर वर्षी बदलते. चाचा ट्यूब आत ढकलत म्हणतात, “अरे, मेरी दुकान का पता डाल दे.” हसू फुटतं. तो हिंदीत नाव लिहितो, अक्षरावर जोर देत, आणि पेन पुढच्याला देतो. पुढचा नकार देऊन पॅडल मारतो. त्याच्या मागचा सही करतो.

ट्रॅक काढायचा हट्ट फक्त बीकेसीतलाच नाही. कॅनडातल्या ओंटारिओ सरकारनेही टोरांटोच्या मोठ्या रस्त्यांवरच्या सायकल मार्गिका काढायचा कायदा केला होता. सायकलवाले कोर्टात गेले. जुलै २०२५ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला: मार्गिका काढल्याने लोकांच्या जिवाला धोका वाढतो, त्यामुळे हे घटनेत बसत नाही. आपल्याकडे अजून प्रश्न जिवापर्यंत आलेलाच नाही, गाड्यांच्या संख्येवरच अडलाय. आणि समोरून गेलेल्या या सायकली कुठल्या संख्येत धरायच्या?

आठला पाच कमी. रस्ता रिकामा होत चाललाय. वसई तालुका एमएमआरडीएच्याच हद्दीत येतो. आपले उड्डाणपूल आणि रिंगरोडही तिच्याच टेबलावरून जातात. बीकेसीतला ट्रॅक काढू नका, स्टेशनला जोडा, आणि आमच्या रस्त्यांवर पट्टी आखा, असं दोन ओळींचं पत्र वसईकरांनीही पाठवावं. सायकली मोजायला माणूस पाठवणार असाल, तर त्याला दुपारी बाराला पाठवू नका, एवढंही त्यात लिहा.