मोसम आधी रक्तात सुरू होतो

मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांमधल्या फुटबॉलचा मोसम तोंडावर आला, की सांडोरसारख्या वसईतल्या गावांमधली कॉलेजची पोरं सरावाला लागतात. बघणाऱ्याला दिसतो तो चिखल, शिट्टी आणि धापा टाकणारी मुलं. पण खरी धमाल चाललेली असते त्यांच्या कातडीखाली!

आधी काम किती आहे ते बघा. ९० मिनिटांत चांगला खेळाडू सुमारे १० किलोमीटर अंतर कापतो. त्यातलं बरंचसं चालणं आणि हळू पळणं. पण मध्येच सुसाट धाव, गपकन थांबणं, वळणं, उडी. हृदय सामनाभर सरासरीने आपल्या कमाल वेगाच्या ८० ते ९० टक्क्यांवर धडधडतं. आणि स्नायू जेवढी ऊर्जा जाळतात, तिचा मोठा भाग नुसती उष्णता होऊन जातो. मग मुलं तापून कोसळत का नाहीत?

घामामुळे. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. पण वसईची किनाऱ्याची दमट हवा त्याला वाळू देईल तर ना! घाम नुसता निथळतो.

यावर शरीर जे करतं, ते ऐकून थक्क व्हाल. ते रक्त वाढवतं! सराव सुरू झाल्यावर काही दिवसांतच रक्तातला पातळ द्रव वाढतो. आता हृदय एकाच ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. ते स्नायूंना पुरतं आणि थंड होण्यासाठी त्वचेलाही. दोनेक आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि चक्क कमी खारट होतो, कारण घामग्रंथी मीठ वाचवायला शिकलेल्या असतात.

गंमत पुढेच आहे. लाल पेशी इतक्या झटपट वाढत नाहीत. म्हणून तंदुरुस्त होत चाललेल्या खेळाडूचं हिमोग्लोबिन कधीकधी तपासणीत थोडं कमी दिसतं. वरणात पाणी वाढवलं म्हणून डाळ कमी होते का? तसंच हे.

आणि ताकद? पहिले काही आठवडे मांड्या फारशा भरत नाहीत, तरी उडी उंच जाते. ही ताकद आली कुठून? मेंदूतून आणि मज्जातंतूंतून! आहेत त्याच स्नायूतंतूंपैकी जास्त तंतूंना एकाच वेळी कामाला लावायचं, हे त्यांना जमू लागतं.

पण यातली बरीचशी बांधणी मैदानावर होतच नाही. सराव फक्त मागणी नोंदवतो. दुरुस्ती आणि भर पडते विश्रांतीत, झोपेत. रात्री जागणारा खेळाडू सकाळची मेहनत अर्धवट सोडतो.

आता दुखापतींचं बघा. ‘फिफा ११+’ नावाचा २० मिनिटांचा वॉर्म-अप आहे. धावणं, तोल सांभाळणं, उडी मारून नीट उतरणं, एवढंच. महागडं साहित्य काही नाही. नॉर्वेत किशोरवयीन मुलींच्या संघांवर त्याची चाचणी झाली, २००८ साली निष्कर्ष आले: दुखापती जवळपास एक तृतीयांशाने कमी!

मात्र शरीरातले हे सगळे बदल उसने आहेत. दोन आठवडे सराव सुटला, तर कमावलेला रक्तद्रव ओसरू लागतो. तेव्हा पोरांनो, परीक्षा असो की सण, थोडं तरी पळत राहा. आणि प्रेक्षकहो, यंदा सामन्याला अर्धा तास आधी जा. वॉर्म-अप चुकवू नका.