संगणकाचा हजेरीपट

वर्गांत शिक्षक हजेरी घेतात तेव्हां पटावरील पहिल्या नांवापासून शेवटल्या नांवापर्यंत एकेक नांव उच्चारतात. एकही गाळीत नाहींत व एकही दोनदां घेत नाहींत. हेंच काम संगणकाकडून करवून घ्यावयाचें झाल्यास त्यास कोणत्या आज्ञा द्याव्या लागतात, हें आज आम्ही आमच्या वाचकांस सांगणार आहों. ज्या भाषेंत या आज्ञा लिहावयाच्या ती जावास्क्रिप्ट होय. ब्रेंडन आइक या गृहस्थांनीं तिचें पहिलें रूप १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत अवघ्या दहा दिवसांत रचिलें, आणि आज बहुतेक संकेतस्थळांत तिचाच उपयोग होतो.

या भाषेंत वस्तूंच्या क्रमवार यादीस अ‍ॅरे म्हणतात. समजा, पांच मुलांचे गुण ६२, ४८, ७१, ५५ व ६४ असे असून ही यादी आपण ‘गुण’ या नांवानें ठेविली. (नांव देवनागरींत लिहिलें तरी ही भाषा तें खुशाल स्वीकारते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते, आंकडे मात्र इंग्रजीच लिहावे लागतात.) यादींतील प्रत्येक वस्तूस क्रमांक असतो, परंतु तो एकापासून नव्हे, शून्यापासून सुरू होतो. नवशिका येथेंच अडखळतो. क्रमांक म्हणजे आरंभापासूनचें अंतर, असें समजलें म्हणजे घोटाळा मिटतो. बांकावर पांच मुलें ओळीनें बसलीं असतां पहिल्या मुलापाशीं जाण्यास एकही जागा ओलांडावी लागत नाहीं. पांचव्यापाशीं जाण्यास चारच ओलांडाव्या लागतात. म्हणून पहिल्याचा क्रमांक ०, पांचव्याचा ४. डच पंडित एड्सगर डाइक्स्ट्रा यांनीं १९८२ सालीं एक लहानसें टिपण लिहून शून्यापासून मोजणेंच कां श्रेयस्कर, याचें विवेचन केलें आहे.

आतां फेरा, म्हणजे लूप. ‘फॉर’ या शब्दापुढें कंसांत तीन गोष्टी सांगावयाच्या असतात: आरंभ कोठून, फेरा कोठवर चालवावा, आणि प्रत्येक फेरीनंतर काय करावें. मोजणीकरितां ‘क’ हें अक्षर घेतलें, तर आरंभीं क शून्य असावा. क हा यादीच्या लांबीहून लहान आहे तोंवर फेरा चालावा. आणि प्रत्येक वेळीं क एकानें वाढावा. (हें वाढविणें विसरल्यास फेरा कधींच थांबत नाहीं.) फेऱ्याच्या पोटांत ‘गुण[क]’ असें लिहिलें कीं त्या त्या क्रमांकाचे गुण हातीं येतात; ते बेरजेंत मिळवीत जावें. यादीची लांबी ‘गुण.लेंग्थ’ असें विचारल्यास भाषा स्वतःच सांगते. ती येथें ५.

‘लहान’ या शब्दावर आमचा भर आहे. ‘लहान किंवा समान’ असें लिहिलें तर फेरा क्रमांक ५ पर्यंत जाईल, आणि तेथें कोणीच बसलेलें नाहीं! त्या जागीं संगणकास ‘अन्डिफाइन्ड’, म्हणजे अनिश्चित, असें कांहींसें सांपडतें, आणि तें मिळवितांच सगळी बेरीज ‘नॅन’, म्हणजे ‘संख्याच नव्हे’, होऊन बसते.

ही चूक निदान ओरडून सांगते. आरंभ शून्याऐवजीं एकापासून केला तर चूक मुकाट राहते. ६२ गुणांचा पहिला मुलगा गळतो, बेरीज ३०० ऐवजीं २३८ येते, आणि पांचांनीं भागल्यावर सरासरी ६० ऐवजीं ४७.६ दिसते. पाहणारास त्यांत कांहींच वावगें वाटत नाहीं. शिष्यवृत्तीच्या यादींतून पहिलेंच नांव या रीतीनें गळलें, तर त्या घरावर काय प्रसंग ओढवेल, हें पालकांस सांगावयास नको.

दुसरी अशीच मुकी चूक म्हणजे फेरा चालू असतांच यादींतून कांहीं काढून टाकणें. ६२, ३०, २८, ५५ या यादींतून ३५ हून कमी असलेले गुण काढावयाचे आहेत असें धरा. क्रमांक १ वरील ३० काढतांच २८ सरकून त्याच्या जागीं येतात. फेरा मात्र क्रमांक २ कडे निघून जातो, आणि २८ तपासणीवांचून सुटतात. अशा वेळीं फेरा शेवटापासून आरंभाकडे चालवावा. मग जे सरकतात ते आधींच तपासलेले असतात.

२०१५ सालापासून या भाषेंत ‘फॉर-ऑफ’ ही सोपी रीत आली आहे. तींत क्रमांक मोजावा लागत नाहीं. वस्तूच एकामागून एक हातीं येतात. यादी केवळ वाचावयाची असेल तेव्हां आम्ही हीच पसंत करितों. तिच्यासारखीच दिसणारी ‘फॉर-इन’ मात्र यादीकरितां वापरूं नये. ती वस्तू न देतां क्रमांक देते, आणि तोही अक्षररूपानें. बेरीज शून्यापासून आरंभून आपल्या पांच मुलांच्या यादीवर ही रीत चालविली, तर ३०० ऐवजीं ‘००१२३४’ असें चमत्कारिक उत्तर मिळतें. विद्यार्थ्यांनीं तें स्वतः करून पाहावें. आरंभींचीं दोन शून्यें कोठून आलीं, हें शोधण्यांत सुटीची एक दुपार आनंदानें जाईल.