कोल्हा नव्हे, खोकड!

ऑक्टोबरात ताडोबाचा प्लॅन आहे? मग चंद्रपूर जिल्ह्यातल्याच जिवतीकडे, माणिकगडच्या पहाडावर वाट वाकडी करा. तेलंगणाच्या सीमेवरचा, गोंड-कोलामांचा हा मुलूख. अंधार पडला की मान वर करा आणि हंस-गरुडाच्या मधे बघा. तिथले अंधुक तारे म्हणजे 'व्हल्पेक्युला', अर्थात छोटा फॉक्स. 1967 मध्ये जोसेलिन बेल यांना पहिला पल्सार इथेच सापडला.

मराठीत मात्र त्याचं नाव 'जंबुक', म्हणजे कोल्हा! द्राक्षं आंबट म्हणणारा इसापचा फॉक्ससुद्धा आपल्याकडे कोल्हाच झाला. पण बॉस, कोल्हा म्हणजे जॅकल. वजन आठ-दहा किलो, कोल्हेकुई त्याचीच. फॉक्सचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे खोकड. जेमतेम 2-3 किलोचं, शेपटीचं टोक काळं. बिळात राहतं, उंदीर, किडे, बोरं खातं. शेतकऱ्याचा फुकटातला पेस्ट कंट्रोलच!

खोकडाला हवं उघडं माळरान. आपण त्याला 'पडीक' म्हणतो आणि प्लॉट पाडतो. वाघासाठी जंगल राखायचं, हे आता सगळ्यांना पटलंय. खोकडाच्या माळासाठी कोण बोलणार? ज्याचं नावच आपण विसरलो, तो गेलेला तरी कुणाला कळणार?