शेवटचा दिवस आणि आजची भाकर

ख्रिस्ती धर्माविषयी आपल्या चळवळीत जे बोलले जाते ते बहुधा दोन प्रश्नांपुरते असते. धर्मांतर कोणी व का केले हा एक, आणि चर्चमध्ये जात शिल्लक आहे की नाही हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. परंतु ख्रिस्ती मंडळीला आतून चालविणारी एक श्रद्धा ह्या चर्चेत सहसा येत नाही. ती म्हणजे जगाच्या अंताविषयीची श्रद्धा. येशू पुन्हा येणार, मेलेले उठणार, न्याय होणार आणि देवाचे राज्य पूर्णत्वास जाणार, असे ही मंडळी पहिल्या शतकापासून मानत आली आहे. तो दिवस येईपर्यंत मंडळीचे कार्य कोणते आणि तिची ‘तयारी’ कशात आहे, ह्या प्रश्नाला मात्र तिने वेळोवेळी वेगवेगळी उत्तरे दिली. हा केवळ धर्मपंडितांचा वाद नाही. मिशनने शाळा काढायची की नुसते प्रवचन करायचे, अन्यायाविरुद्ध उभे राहायचे की तो सोसायचा, हे ह्या उत्तरांवर ठरत आले आहे. आपल्याकडच्या महारवाड्या-मांगवाड्यांतील हजारो माणसांच्या आयुष्याशी ह्या उत्तरांचा संबंध आला, म्हणून ती समजून घेणे आवश्यक आहे.

आधी मूळ ग्रंथ काय सांगतो ते पाहू. मत्तयाच्या शुभवर्तमानातील चोविसावा आणि पंचविसावा अध्याय हे ह्या श्रद्धेचे एक मुख्य आधारस्थान आहे. युद्धे होतील, दुष्काळ पडतील, भूकंप होतील, खोटे ख्रिस्त उठतील, असे येशू शिष्यांना सांगतो. शुभवर्तमान सर्व राष्ट्रांत सांगितले जाईल आणि मग शेवट येईल, असेही सांगतो. मात्र तो दिवस आणि ती घटका कोणालाही ठाऊक नाही, देवदूतांना नाही आणि पुत्रालाही नाही, हे तो तितक्याच स्पष्टपणे बजावतो. म्हणजे तारखा काढण्याचा उद्योग मूळ ग्रंथानेच निकालात काढलेला आहे.

मग तयारी कशाची करायची? ह्याचे उत्तर येशू पाठोपाठच्या काही गोष्टींतून देतो. एका धन्याने एका चाकराला घरातील इतर चाकरांना वेळेवर अन्न देण्याच्या कामावर नेमले. धन्याला यायला उशीर लागतो आहे असे पाहून हा चाकर आपल्या सोबत्यांनाच मारू लागतो आणि दारुड्यांच्या पंगतीला बसतो. धनी अचानक येतो आणि त्याला कठोर शिक्षा करतो. पुढे दहा कुमारींची गोष्ट येते. वराची वाट पाहता पाहता त्यांतील पाचजणींचे दिवे तेलावाचून विझू लागतात. त्यानंतर धन्याचा पैसा जमिनीत पुरून स्वस्थ बसलेल्या चाकराची गोष्ट येते. शेवटी न्यायाचे दृश्य आहे. मेंढपाळ मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो तशी राजा माणसे वेगळी करतो, आणि त्याचा निकष एकच आहे. भुकेल्याला अन्न दिले का, तहानेल्याला पाणी दिले का, परक्याला घरात घेतले का, उघड्याला वस्त्र दिले का, आजाऱ्याची आणि तुरुंगातल्याची विचारपूस केली का? समाजातील लहानातल्या लहान माणसाशी केलेले वर्तन हे आपल्याशीच केलेले वर्तन होय, असा राजाचा निवाडा आहे.

ह्या गोष्टींची सुरुवात अन्न वाटण्यापासून होते आणि शेवटही अन्न-पाण्यापाशीच होतो. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ‘तहानेल्याला पाणी’ ह्या शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. येथे तयारी नसणे म्हणजे भविष्याची गणिते न येणे असे नाही. हातात अधिकार असताना सोबत्यांना मारणे, ही खरी बेफिकिरी मानलेली आहे. पौलाच्या काळी थेस्सलनीका येथील काही विश्वासणारे शेवट जवळ आला म्हणून कामधंदा सोडून बसले होते. त्यांना पौलाने पत्रातून चांगलेच फटकारले आणि काम करण्यास सांगितले. वाट पाहण्याचे निमित्त करून हातावर हात ठेवणे त्या पहिल्या पिढीलाही मान्य नव्हते.

दुसरा ग्रंथ प्रकटीकरणाचा. पशू, कर्णे, शिक्के ह्यांमुळे तो गूढ वाटतो, आणि जगाच्या अंताची बहुतेक भाकिते त्यातूनच काढली जातात. पण तो कोणी आणि कोणासाठी लिहिला हे पाहिले की त्यातील गूढ बरेच कमी होते. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमन साम्राज्याच्या दडपणाखाली जगणाऱ्या आशियातील छोट्या मंडळ्यांसाठी, पात्मोस बेटावर असलेल्या योहानाने तो लिहिला. रोमचे नाव घेणे धोक्याचे होते म्हणून तो बाबेल म्हणतो. अठराव्या अध्यायात बाबेल कोसळते तेव्हा व्यापारी रडतात, आणि आता विकला न जाणारा माल मोजून दाखवतात. सोने, मोती, रेशीम, हस्तिदंत, गहू, गुरे, आणि यादीच्या अगदी शेवटी माणसे. गुलामांच्या बाजारावर उभ्या असलेल्या साम्राज्याचा हा हिशेब आहे. त्यानंतर जी नवी नगरी येते तिच्यात देऊळ नाही, आणि तिचे दरवाजे कधीही बंद होत नाहीत. १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराच्या बंद दारासमोर उभ्या राहिलेल्या समाजाने हे चित्र अवश्य वाचावे.

ह्याच ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचा उल्लेख आहे. त्याचा अर्थ लावताना मंडळीत तीन प्रमुख मते तयार झाली. पाचव्या शतकात ऑगस्टीनने असे मांडले की हे राज्य म्हणजे मंडळीचा चालू काळच होय, हजार हा आकडा प्रतीकात्मक आहे. दुसऱ्या मताप्रमाणे शुभवर्तमानाच्या प्रसाराने जग हळूहळू सुधारत जाईल, न्यायाचे व शांततेचे दीर्घ युग येईल आणि त्यानंतर ख्रिस्त येईल. तिसरे मत ह्याच्या उलट आहे. जग बिघडतच जाणार, ख्रिस्त अचानक येणार आणि हजार वर्षांचे राज्य त्यानंतर तोच स्थापन करणार. वरवर पाहता हा क्रमाचा वाद वाटतो. परंतु जग सुधारण्याजोगे आहे असे मानणारा माणूस आणि ते बुडणारच असे मानणारा माणूस एकाच गावात गेले, तरी त्यांच्या हातून एकच काम होणार नाही.

महाराष्ट्रात प्रथम आले ते दुसरे मत. अमेरिकेतील सॅम्युएल हॉपकिन्स ह्या धर्मोपदेशकाने १७९३ मध्ये ह्या सहस्रवर्षीय राज्यावर ग्रंथ लिहिला. निःस्वार्थ परोपकार हे त्याच्या शिकवणुकीचे सूत्र होते आणि गुलामांच्या व्यापाराला त्याने उघड विरोध केला होता. ह्या विचाराच्या प्रभावाखाली वाढलेल्या तरुणांच्या पुढाकाराने १८१० मध्ये अमेरिकन मिशन बोर्ड स्थापन झाले, आणि १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले. हॉल आणि नंतर येऊन मिळालेला सॅम्युएल न्यूएल ह्या दोघांनी मुंबईत बसून लिहिलेली, जगातील साठ कोटी लोकांपर्यंत शुभवर्तमान पोहोचविण्याची निकड सांगणारी पुस्तिका १८१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. साठ कोटी माणसांचा हिशेब मांडण्याचे धाडस येते ते जग बदलणारच ह्या खात्रीतून. ह्याच मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे ठाणे केले. पुढे त्या जिल्ह्यात जे ख्रिस्ती झाले त्यांत महार आणि मांग समाजातील माणसांचा भरणा मोठा होता. सिंथिया फरार ह्या बाईंनी नगरला मुलींच्या शाळा चालविल्या. सावित्रीबाई फुले ह्यांच्या शिक्षिका म्हणून झालेल्या घडणीचा धागा ह्याच फरारबाईंशी जोडला जातो. देवाचे राज्य जवळ आणायचे तर अक्षर शिकवले पाहिजे, हा त्या काळच्या श्रद्धेचा व्यवहार होता. अर्थात तिच्यात दोषही होता. जगाची सुधारणा म्हणजे पाश्चात्त्यांसारखे होणे, अशी तिची समजूत होती, आणि साम्राज्याला तिने ईश्वरी योजनेत सहज जागा करून दिली. योहानाने ज्या बाबेलचे पतन रंगविले त्याच जातीच्या सत्तेच्या सावलीत मिशनची शाळा उभी होती, हे विसरून चालणार नाही.

एकोणिसाव्या शतकात तिसरे मत जोर धरू लागले. इंग्लंड-आयर्लंडमध्ये जॉन नेल्सन डार्बी ह्याने त्याची पद्धतशीर मांडणी केली, आणि १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफील्डच्या टीपांसह बायबलने ती घरोघरी पोहोचविली. अमेरिकन प्रचारक मूडी जगाला फुटलेल्या जहाजाची उपमा देत असे. त्याच्या मते आपले काम एवढेच की होडी घेऊन जितके वाचवता येतील तितके वाचवावेत. जहाज बुडणारच असेल तर त्याच्या फळ्या कोण ठोकीत बसेल? १८८८ मध्ये सुरू झालेल्या विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीने ह्याच पिढीत सर्व जगाला शुभवर्तमान सांगण्याची घोषणा दिली. तिच्यातील तळमळ खरी होती. पण घाईत असलेला माणूस शाळा, जमीन, मजुरी अशा सावकाश होणाऱ्या कामांत जीव घालीत नाही. दुसरीकडे तारखा काढणेही थांबले नाही. विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. तो दिवस गेला आणि हजारोंची निराशा झाली. २०११ मध्ये हॅरल्ड कॅम्पिंगने २१ मे ही तारीख जाहीर केली. तीही तशीच गेली.

तथापि तिसरे मत मानणारे सर्वच स्वस्थ बसले असे म्हणणे अन्यायाचे होईल. मिलरच्या निराश अनुयायांतून पुढे जो सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ १८६३ मध्ये संघटित झाला, त्याने जगभर दवाखाने आणि शाळा काढल्या. पुण्यातील स्पायसर ही संस्था त्याचीच. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ मध्ये जे आध्यात्मिक जागरण झाले, त्याकडेही पुष्कळांनी शेवटच्या काळातील पवित्र आत्म्याचा वर्षाव म्हणून पाहिले. तेथील मिनी अब्राम्स ह्यांनी १९०६ मध्ये लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेतील चिलीपर्यंत पोहोचली आणि तेथील जागरणाला कारण झाली. पण त्याच मुक्तिसदनात दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली वाचायला, विणायला आणि खिळे जुळवायला शिकत होत्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून साध्या मराठीत केलेले बायबल ह्याच सदनाच्या छापखान्यात तेथल्या बायकांनी छापले. दास आणि दासी ह्यांच्यावरही आत्मा उतरेल ह्या योएल संदेष्ट्याच्या वचनाला तेथे हातांचे काम मिळाले होते.

आता आपल्या दृष्टीने कळीचा प्रश्न. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरित अस्पृश्याच्या स्थितीवर लिहिलेला निबंध त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी एक अतिशय मार्मिक मुद्दा मांडला आहे. हिंदू असताना अस्पृश्याला सांगितले जाते की तुझी दुर्दशा तुझ्या कर्माने झाली. ख्रिस्ती झाल्यावर त्याला शिकविले जाते की ती आदिपुरुषाच्या पापाने झाली. दोन्हीकडे समाजव्यवस्था मोकळी सुटते. बाबासाहेबांचा हा मुद्दा शेवटच्या दिवसाच्या शिकवणुकीला लावून पाहिला पाहिजे. दुःखाचे कारण मागच्या जन्मात किंवा आदिपापात, आणि दुःखाचा उपाय ढगांवरून येणाऱ्या उद्यात! मधला वर्तमानकाळ रिकामा राहतो. आणि सावकार, जमीनदार, कंत्राटदार ह्यांचे सगळे व्यवहार तर वर्तमानकाळातच चालतात.

म्हणून ही श्रद्धा सरसकट अफू ठरवावी काय? मला तसे वाटत नाही. शेवटचा न्याय होणार आहे असे मानणे म्हणजे आजची व्यवस्था शेवटची नाही असे मानणे होय. पिळवणूक सनातन आहे असे सांगणाऱ्या समाजात हा विचार लहान नाही. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध लढणाऱ्या ॲलन बोसाक ह्यांनी १९८७ मध्ये प्रकटीकरणावर पुस्तक लिहिले ते ह्याच दृष्टीने. आपल्याकडे अरविंद निर्मळ ह्यांनी १९८१ मध्ये बंगळूरला केलेल्या भाषणापासून दलित ईशज्ञानाची मांडणी सुरू झाली आणि देवाकडे दलिताच्या जागेवरून पाहण्याचा आग्रह धरला गेला. त्याच जागेवरून अंतकाळाकडेही पाहता येते.

तसे पाहिले तर मंडळीपुढची कामे स्पष्ट दिसतात. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक कब्रस्तानात दलितांच्या कबरी वेगळ्या करणारी भिंत होती, आणि ती जावी म्हणून आंदोलने करावी लागली. मेलेले उठतील ह्यावर ज्यांचा विश्वास, त्यांनीच त्यांना पुरताना मध्ये भिंत घालावी! ते उठतील तेव्हा भिंतीच्या कोणत्या बाजूला उभे राहतील? २०१६ मध्ये कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमधील जातिभेद मान्य केला. कबुली चांगलीच आहे. पण शाळेतील प्रवेश, संस्थांतील नोकऱ्या, विश्वस्तमंडळांतील जागा आणि लग्नसंबंध ह्यांत ती उतरली का, हे विचारीत राहावे लागेल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित केल्या. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला, पण ख्रिस्ती दलितांना त्या दुरुस्त्यांत जागा मिळाली नाही. हा लढा मंडळीने केवळ सरकारकडे बोट दाखवून लढू नये, स्वतःच्या घरातली जातही त्याच वेळी काढावी.

आपल्या कार्यकर्त्यांनाही एक सुचवावेसे वाटते. वस्तीत कोणी शेवटच्या दिवसाची पत्रके वाटत असेल तर नुसती टर उडवू नये. ते ज्या ग्रंथाचे नाव घेतात त्याच ग्रंथातील अन्न वाटणाऱ्या चाकराची गोष्ट त्यांच्यापुढे ठेवावी, आणि विचारावे की ह्या वस्तीत पाण्याचा नळ, मजुरी आणि शाळा ह्यांसाठी मंडळी आमच्याबरोबर येणार आहे काय? जी मंडळी येईल तिच्या दिव्यात तेल आहे असे समजायला हरकत नाही.