अकरा महिन्यांचा हिशेब

ज्यू घरात वडील वारले की मुलगा रोज सिनेगॉगमध्ये जाऊन ‘कद्दीश’ ही प्रार्थना म्हणतो. ती एकट्यानं म्हणता येत नाही. निदान दहा जण जमावे लागतात. म्हणून पाऊस असो, परीक्षा असो की दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी, त्याला वेळ काढून त्या दहांत उभं राहावंच लागतं. हे अकरा महिने चालतं. बारावा महिना लागला की तो थांबतो. आईवडिलांसाठीचा दुखवटा मात्र वर्षभराचा असतो. मग प्रार्थना महिनाभर आधीच का आटोपायची?

कारण मोठं हृद्य आहे. जुन्या रब्बींच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, मते दुष्टांना नरकात जास्तीत जास्त बारा महिने काढावे लागतात, आणि मुलाच्या कद्दीशनं बापाची ती शिक्षा हलकी होते. मुलानं पुरे बारा महिने कद्दीश म्हटलं, तर माझा बाप पुरी शिक्षा भोगण्याच्याच लायकीचा होता, अशी कबुली त्यानं दिल्यासारखं होईल. मुलानं बापाची अशी शोभा करू नये, म्हणून एक महिना कमी. पोलंडमधल्या क्राको शहरातले रब्बी मोशे इसर्लिस (मृत्यू १५७२) यांनी ही प्रथा अशीच कारणासकट नोंदवून ठेवली आहे.

नरक आहे, त्याला मुदत आहे, आणि त्या मुदतीतही मुलानं बापाची बाजू राखायची आहे. ज्यूंच्या मृत्यूविषयक विचाराची सगळी रीत या एका हिशेबात दिसते. मेल्यानंतर काय, असं विचारलं तर ज्यू परंपरा चार जणांची चार उत्तरं पुढे ठेवते. गेलेल्यासाठी मागे राहिलेल्यांनी काय करायचं, असं विचारलं तर मात्र दिवस मोजून उत्तर देते.

अबोल तोरा

गंमत म्हणजे, ज्या ग्रंथावर हा धर्म उभा आहे, त्या तोरामध्ये परलोकाबद्दल जवळजवळ काहीच नाही. आज्ञा पाळल्या तर वेळेवर पाऊस येईल, धान्य पिकेल, लेकरंबाळं होतील, देशात सुखानं राहाल. बक्षिसं सगळी इथलीच. मेलेली माणसं ‘शेओल’मध्ये जातात, एवढंच कळतं. मराठी बायबलनं त्याला ‘अधोलोक’ म्हटलं आहे. योसेफला श्वापदानं खाल्लं असं समजून याकोब रडतो, तेव्हा आपणही दुःख करीत मुलाकडे अधोलोकातच जाणार, असं म्हणतो. म्हणजे निष्पाप मुलगाही तिथेच आणि बापही तिथेच. तिथे पाप-पुण्याची झडती नाही, फक्त अंधार आणि शांतता आहे. तोरानंतरच्या ग्रंथातही हेच चित्र आहे. शौल राजा एका मांत्रिक बाईकरवी शमुवेल संदेष्ट्याला खालून वर बोलावतो, तर तो आधी तक्रार करतो, की मला का उठवलंस?

इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांचा हा ग्रंथ आहे, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. इजिप्तची सगळी श्रीमंती थडग्यांत आणि मृतांच्या सोयीत गेलेली. त्या मृत्युपूजेकडे पाठ फिरवायची म्हणूनच तोरा याबाबतीत बोलत नाही, असं काही अभ्यासकांना वाटतं. ज्यूंच्या पुरोहित घराण्यांना, म्हणजे ‘कोहेन’ लोकांना, जवळच्या नातलगाखेरीज कुणाच्या प्रेताजवळ जायला आजही मनाई आहे. पुरोहितानं जिवंतांचं पाहावं, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

हिशेब जुळेना

इथलं पुण्य इथेच फळतं, हा हिशेब इ.स.पू. १६७च्या सुमारास मोडला. सीरियाचा ग्रीक राजा चौथा अँटिओकस यानं जेरुसलेमच्या मंदिरात झ्यूसची पूजा सुरू केली आणि शब्बाथ (शनिवारची साप्ताहिक विश्रांती), सुंता यांवर बंदी घातली. ज्यांनी धर्म सोडला ते जगले; ज्यांनी धर्म पाळला ते त्याच कारणासाठी मारले गेले. आज्ञा पाळणाऱ्याला दीर्घायुष्य मिळतं, असं आता कुठल्या तोंडानं सांगायचं?

बायबलमधला दानीएलचा ग्रंथ याच धामधुमीत पुरा झाला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या शेवटच्या अध्यायात पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत येतं, की मातीत निजलेले पुष्कळ जण उठतील, काही कायमच्या जीवनासाठी आणि काही कायमच्या अप्रतिष्ठेसाठी. त्याआधी यहेज्केल संदेष्ट्यानं सुकलेल्या हाडांनी भरलेलं खोरं जिवंत होताना पाहिलं होतं. पण ती हाडं म्हणजे बाबिलोनच्या बंदिवासात खचलेलं सगळं राष्ट्र होतं. एकेका माणसाच्या पुनरुत्थानाची ती गोष्ट नव्हती.

यावरून पुढे दोन तट पडले. मंदिरावर पकड असलेले धनिक सदूकी म्हणत, तोरात नाही ते आम्ही मानणार नाही. परूशी म्हणत, मेलेले उठणार. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर जाळलं आणि सदूकींचा आधारच गेला. परूशींचे वारस असलेल्या रब्बींनी इ.स. २००च्या सुमारास ‘मिश्ना’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात म्हटलं आहे, की येणाऱ्या जगात सगळ्या इस्राएलला वाटा आहे. पण मृतांचं उठणं तोरात नाही असं जो म्हणेल, त्याला नाही. त्याच काळातली दुसरी परंपरा सांगते, की इतर धर्मांतल्या सज्जनांनाही तो वाटा आहे. त्यासाठी त्यांनी ज्यू व्हायची गरज नाही.

हिशेब न जुळण्याचं दुःख ‘तालमूद’ या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथातल्या एका गोष्टीत नेमकं उतरलं आहे. बापानं सांगितलं म्हणून एक मुलगा झाडावर चढला. घरट्यातल्या पक्षिणीला आधी उडवून लावलं आणि मग पिल्लं घेतली. वडिलांचं ऐकणं आणि पक्षिणीला सोडून देणं, या दोन्ही आज्ञांसाठी तोरानं दीर्घायुष्याचं वचन दिलेलं आहे. उतरताना पोरगा पडला आणि मेला. एलिशा बेन अबूया नावाच्या मोठ्या पंडिताची श्रद्धा असंच काहीसं पाहून उडाली, असं म्हणतात. रब्बी याकोब यांनी मात्र तेच पाहून निष्कर्ष काढला, की वचनातलं दीर्घायुष्य या जगातलं नव्हेच. म्हणजे मेलेलं पोर एकच. त्यावरून एकाचा देव गेला आणि दुसऱ्याला परलोक सापडला.

नकाशे अनेक

हा परलोक दिसतो कसा? नरकाला ज्यू ‘गेहिन्नोम’ म्हणतात, म्हणजे हिन्नोमचं खोरं. जुन्या जेरुसलेमच्या तटाखाली ते खरोखरच आहे. कधीकाळी तिथे मोलख देवाला मुलांचे बळी दिले जात, म्हणून त्या जागेचं नाव नरकाला चिकटलं. आज तिथे हिरवळ आहे, मैफली होतात. जेरुसलेमकर नरकात फिरून संध्याकाळी घरी परततात. शिवाय शब्बाथच्या दिवशी गेहिन्नोमची आग थांबते आणि पाप्यांनाही विश्रांती मिळते, असं रब्बींनी सांगितलं आहे. नरकालाही साप्ताहिक सुट्टी देणारी माणसं किती प्रेमळ आणि किती नियमाची असतील!

स्वर्ग म्हणजे ‘गन एदेन’, एदेनची बाग. पण तिथल्या सुखाबद्दल तालमूदमधले रव हे गुरू फार हात राखून बोलतात. येणाऱ्या जगात खाणं नाही, पिणं नाही, धंदा नाही, हेवा नाही. सज्जन डोक्यावर मुकुट घालून देवाच्या तेजाचा आनंद घेत बसतील, एवढंच.

मैमोनिडीस (११३८–१२०४) हे वैद्यही होते आणि तत्त्वज्ञही. त्यांनी श्रद्धेची तेरा तत्त्वं मांडली आणि त्यात शेवटचं ठेवलं मृतांचं पुनरुत्थान. पण त्यांच्या लेखनाचा सगळा ओढा देहाविना असणाऱ्या आत्म्याकडे. लोकांना संशय आला, की यांचा पुनरुत्थानावर विश्वास आहे तरी का? ११९१ मध्ये त्यांना त्यावर स्वतंत्र प्रबंध लिहून खुलासा करावा लागला. मृत उठतील, दीर्घकाळ जगतील, पुन्हा मरतील आणि मग आत्मा कायमचा राहील, असं ते म्हणाले. पुढच्या पिढीतल्या नाखमानिडीस यांना हे पटलं नाही. उठलेला देह मग मरेल कशाला, असं त्यांचं म्हणणं.

पुनर्जन्मावरही असाच वाद. दहाव्या शतकात बगदादकडचे सादिया गाओन यांनी ही कल्पना मूर्खपणाची म्हणून झटकून टाकली. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये प्रकट झालेल्या ‘झोहर’ या गूढ ग्रंथानं तिला जागा दिली. सोळाव्या शतकात गालील प्रांतातल्या सफेद गावी इसहाक लुरिया यांनी तिचं मोठं शास्त्रच उभारलं. त्याला ‘गिलगुल’, म्हणजे गरगर फिरणं, असं नाव आहे. आपल्याला चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा परिचयाचा आहे, आणि त्यातून सुटणं हे ध्येय. लुरियांच्या गिलगुलमध्ये भर आहे तो राहिलेलं काम पुरं करण्यावर. एखादी आज्ञा पाळायची राहिली, एखादी मोडतोड दुरुस्त करायची राहिली, की आत्मा परत येतो.

आधुनिक काळात तर १८८५ साली अमेरिकेत पिट्सबर्ग इथे जमलेल्या सुधारणावादी रब्बींनी देहाचं पुनरुत्थान आणि स्वर्ग-नरक यांना सरळ नकार देऊन फक्त आत्म्याचं अमरत्व ठेवलं. त्याच पंथाच्या २००७ च्या प्रार्थना-पुस्तकात ‘मृतांना जिवंत करणारा’ हे शब्द पर्याय म्हणून परत आले. दोन ज्यू असतील तिथे तीन मतं असतात, हा विनोद ते स्वतःच सांगतात.

रीत मात्र एकच

एवढे मतभेद असूनही मयताच्या घरी काय करायचं, यावर फारसा वाद नाही. ‘हेवरा कदीशा’ म्हणजे पवित्र मंडळी. गावातलीच ही माणसं येऊन प्रेताला स्नान घालतात. पुरुषाला पुरुष, बाईला बाई. मग साधं पांढरं कफन. त्याला खिसा नसतो. एके काळी प्रेताला भारी वस्त्रं घालायची चढाओढ इतकी वाढली होती, की गरीब नातलग प्रेत टाकून पळून जात. तेव्हा रब्बान गमलीएल यांनी स्वतःला साध्या तागाच्या वस्त्रांत पुरायला सांगितलं. तेव्हापासून श्रीमंत-गरीब सारखे. या सेवेला ‘खरी दया’ म्हणतात, कारण तिची परतफेड ज्याची सेवा केली तो करूच शकत नाही.

दफन होईल तितकं लवकर. मग सात दिवस घरचे बुटक्या आसनावर बसून राहतात. जेवण शेजारी आणतात. तीस दिवसांनी दुखवटा सैल होतो. अकरा महिने कद्दीश. त्यानंतर दरवर्षी तिथीला चोवीस तास जळणारा दिवा.

कद्दीशमध्ये मृत्यूचा शब्दही नाही. अरामी भाषेतली ती देवाची स्तुती आहे. तरी ती मृतांशी जोडली गेली ती मध्ययुगीन युरोपात सांगितल्या जाणाऱ्या एका कथेतून. रब्बी अकिवांना वाटेत कोळशासारखा काळा माणूस दिसतो. तो डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन धावतो आहे. तो मेलेला आहे. जिवंतपणी तो करवसुली करायचा; श्रीमंतांना सोडायचा, गरिबांना छळायचा. आता रोज स्वतःला जाळण्याची लाकडं स्वतःच वाहायची, ही त्याची शिक्षा. त्याच्या मागे जन्मलेल्या, कुणीच न शिकवलेल्या मुलाला अकिवा शोधून काढतात, अक्षरं शिकवतात. मुलगा सभेत उभा राहून देवाची स्तुती करतो आणि बाप सुटतो.

परंपरेनं ही जबाबदारी मुलाची. पण ‘हदासा’ या ज्यू स्त्रियांच्या संघटनेच्या संस्थापक हेन्रिएटा झोल्ड यांच्या आईचं १९१६ मध्ये निधन झालं, तेव्हा एका स्नेह्यानं त्यांच्या वतीनं कद्दीश म्हणायची तयारी दाखवली. झोल्ड यांनी आभार मानले आणि नकार कळवला. आईसाठी ते आपणच म्हणणार, असं त्यांनी लिहिलं. आज अनेक सिनेगॉगमध्ये मुली कद्दीश म्हणतात.

कोकणातला एलियाहू

या परंपरेची एक शाखा मराठी बोलते. बेने इस्राएल म्हणजे आपले ‘शनवार तेली’. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे. त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले आणि सात जोडपी वाचली, असं ते सांगतात. बुडालेल्यांना तिथेच पुरलं, अशी त्यांची श्रद्धा आहे. हिब्रू विसरली, ग्रंथ गेले, पण शब्बाथ राहिला, ‘शेमा’ ही प्रार्थना राहिली आणि एलियाहू हन्नाबी हा संदेष्टा राहिला.

एलियाहू मेला नाही. अग्निरथातून सदेह स्वर्गात गेला. मसीहा येण्याची वर्दी तोच देणार, असं जगभरचे ज्यू मानतात. कोकणातल्या श्रद्धेप्रमाणे स्वर्गात जाताना तो अलिबागजवळच्या खंडाळे गावी उतरला, आणि तिथल्या कातळावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत. लग्न, गृहप्रवेश, नवस फेडणं, काही असलं तरी बेने इस्राएल घरांत त्याच्या नावानं मलिदा होतो. पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची आणि वर फळं. काळाच्या शेवटी येणारा पाहुणा इथे घरच्या प्रत्येक कार्याला येऊन जातो.

१९४८ नंतर यांतले बहुतेक जण इस्राएलला गेले. इथे काही हजार उरले. कोकणात त्यांच्या दफनभूमी मात्र आहेत. हिब्रूत दफनभूमीला ‘बेथ हहायिम’ म्हणतात, म्हणजे जिवंतांचं घर. अलिबागला समुद्र पाहायला गेलात, तर वाट वाकडी करून नवगावला जाऊन या. ज्यूंच्या कबरीवर फुलं वाहायची रीत नाही, तेव्हा हार नेऊ नका. जवळचाच एखादा खडा उचलून कबरीवर ठेवा. कुणीतरी येऊन गेलं, एवढाच त्याचा अर्थ.