मॉर्गनचा छापा

वाचकहो, भाऊबंदकी फार वाईट. घरात शिरली तर घर मोडते. देशात शिरली तर गावेच्या गावे भरडली जातात. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात असेच यादवी युद्ध झाले. दक्षिणेकडील राज्यांत काळ्या लोकांना गुलाम करून शेतांवर राबवीत. बैलबाजारासारखा माणसांचा बाजार भरे! ही गुलामगिरी टिकवण्यासाठी ११ राज्ये देशातून फुटून निघाली. उत्तरेकडील राज्यांनी त्यांना अडवले आणि युद्ध पेटले.

दक्षिणेच्या बाजूला जॉन हंट मॉर्गन नावाचा एक घोडदळाचा सरदार होता. १८६३ साली तो सुमारे २,४०० स्वार घेऊन निघाला. ओहायो नदी ओलांडू नकोस, असा त्याला वरिष्ठांचा हुकूम होता. त्याने तो मानला नाही. त्याने दोन आगबोटी पकडल्या, ८ जुलैला त्यांतून फौज पलीकडे उतरवली आणि एक बोट जाळून टाकली.

छापा म्हणजे काय, ते आता पाहू. छापा घालणारे मुलूख जिंकून तिथे ठाण मांडत नाहीत. ते वाऱ्यासारखे येतात, पूल जाळतात, आगगाडीचे रूळ उखडतात आणि निघून जातात. मॉर्गनजवळ एक हुशार तारमास्तर होता. तो शत्रूच्या तारेला आपले यंत्र जोडून त्यांच्या बातम्या ऐकायचा, आणि खोट्या बातम्या पाठवायचा. मॉर्गन कुठे आहे, तेच लोकांना कळेना!

दुसऱ्या दिवशी, ९ जुलैला, हे स्वार इंडियाना राज्यातील कॉरिडन गावावर आले. गावाच्या रक्षणाला चारशे-साडेचारशे माणसे उभी राहिली. कोणी शेतकरी, कोणी दुकानदार. पुढे कसलेली फौज आणि तोफा! तासाभरात गाव पडले. दोन्हीकडची माणसे मेली. स्वारांनी दुकाने लुटली. पिठाच्या गिरण्यांच्या मालकांना दम दिला, 'पैसे टाका, नाहीतर गिरणी जाळतो.' वाटेत जो घोडा दिसेल तो सोडून नेला. ऐन हंगामात घोडा गेला म्हणजे शेतकऱ्याचे काय होते, ते आम्ही तुम्हाला काय सांगावे?

पुढे ओहायो राज्यात मॉर्गनची गाडी अडली. परत नदी ओलांडायची, तर नदीला पाणी चढलेले. त्या पाण्यातून उत्तरेच्या लढाऊ बोटी वर आल्या. १९ जुलैला त्याची शेकडो माणसे पकडली गेली. २६ जुलैला तो स्वतः शरण आला. पुढे तो तुरुंगातून पळाला, पण १८६४ साली मारला गेला.

आता आठवणीची गोष्ट. कॉरिडनजवळ, जिथे गावकरी लढले, तिथे स्मारक-उद्यान आहे. मॉर्गनच्या वाटेवर जागोजाग पाट्या आहेत. तिकडे केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन शहरात १९११ साली मॉर्गनचाच घोड्यावरचा पुतळा उभारला. त्या जागेजवळच पूर्वी गुलामांचा बाजार भरत असे! ज्यांचे पणजोबा तिथे विकले गेले, त्यांना तो पुतळा पाहून काय वाटत असेल? अखेर २०१७ साली तो तिथून हलवला. पुढे तो मॉर्गनला जिथे पुरले आहे, त्या दफनभूमीत नेऊन ठेवला.

या युद्धाचा धागा आपल्यापर्यंतही येतो. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले. अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी ज्यांनी झीज सोसली, त्या लोकांना ते अर्पण केले.

तुम्ही आता वाचायला शिकलात. तेव्हा कोठे स्मारक दिसले, तर नुसता नमस्कार करून पुढे जाऊ नका. पाटी वाचा. ती कोणी लावली, केव्हा लावली, ते पाहा. आणि तिच्यावर कोणाचे नाव राहून गेले, तेही विचारा.